पिस्टनचा पंचनामा

ब्लॉक वर ओढला तसा पिस्टन उघडा पडला. हाताखालचा पोरगा सवयीने पेट्रोलची वाटी आणि ब्रश घेऊन पुढे झाला, तर मिस्त्रींनी त्याचं मनगटच धरलं.

"थांब ना बे. धुतल्यावर तो काय सांगन तुले?"

अकोल्यात टिळक रोडच्या मागे एका गल्लीतलं हे गॅरेज. शटरच्या आत दोन गाड्या कशाबशा मावतात. बाकी सगळा कारभार फुटपाथवर. जून नुकताच लागला होता, पावसाचा पत्ता नव्हता, आणि पेरणीच्या आधी डागडुजीला आलेले पेट्रोलवरचे फवारणी पंप भिंतीशी टेकवून ठेवलेले होते. मधोमध लाकडी खोक्यावर यामाहा आरएक्स १३५ चं इंजिन. आठवडाभरापूर्वी मूर्तिजापूर रोडला, थ्रॉटल पूर्ण पिळलेला असताना, ते एकाएकी जाम झालं होतं. मागचं चाक जागीच अडकलं आणि गाडी घासत गेली. गाडीच्या मालकाने त्या क्षणी क्लच दाबला, म्हणूनच तो आता शेजारच्या स्टुलावर बसून चहा पीत होता. वय तेविसेक. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती होतात, तिथे टू-स्ट्रोकचे वेगळे गट असतात. तिकडे उतरायचं म्हणून त्याने हे इंजिन 'रेडी' करून घेतलेलं.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी विषय दिला तो 'दुरुस्ती'. घड्याळं, रफू, हार्मोनियम असं बरंच काही सुचवलं होतं. मला मात्र असं यंत्र हवं होतं की जे दुरुस्त करून देणारा आणि पुन्हा मोडून आणणारा, दोघेही तितकेच हौशी असतील. वऱ्हाडात टू-स्ट्रोकला शोधत फिरावं लागत नाही, त्याचा आवाज दोन चौक आधी येतो.

कंपनी गेली, गाडी राहिली

एस्कॉर्ट्स आणि यामाहाची आरएक्स १०० भारतात आली १९८५ च्या नोव्हेंबरात. ९८ सीसी, ५० मिलिमीटरचा बोअर, ५० चाच स्ट्रोक, ११ अश्वशक्ती आणि गाडीचं वजन शंभर किलोच्या घरात. तेव्हाच्या बाकीच्या शंभर सीसी गाड्या मायलेजच्या गोष्टी सांगत होत्या. ही पुढचं चाक उचलत होती. १९९६ मध्ये ती बंद झाली. मागून आलेली आरएक्स १३५ हीसुद्धा २००५ पर्यंतच चालली.

मारलं त्यांना धुराने. टू-स्ट्रोकला फोर-स्ट्रोकसारखे वॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात, त्या पिस्टनच उघडतो आणि पिस्टनच झाकतो. ताजं मिश्रण आत येतं त्याच वेळी जळलेला वायू बाहेर जायची खिडकीही उघडी असते, त्यामुळे थोडं पेट्रोल न जळताच निसटतं. नव्वदच्या दशकापासून प्रदूषणाचे निकष कडक होत गेले आणि हा हिशेब जमेना. चेतक गेली, येझदी तर त्याआधीच गेली होती.

रस्त्यावरून गेलेला टू-स्ट्रोक कपाशीच्या सऱ्यांत मात्र राहिला. पाठीवरचे पॉवर स्प्रे, गवत कापायची यंत्रं यांच्यात तोच आहे, कारण तो हलका असतो आणि आडवा-तिरपा कसाही धरला तरी चालतो. म्हणून अकोल्याच्या या मिस्त्रींना टू-स्ट्रोक ऑइलसाठी कुणाचं तोंड बघावं लागत नाही. कृषी केंद्रांच्या आसपास ते सहज मिळतं. त्यांचं पोटही पंपांवरच चालतं. आरएक्स ही त्यांची हौस. "पंपवाला पैसे देते, आरएक्सवाला गप्पा मारते," असं ते गाडीच्या मालकासमोरच म्हणाले, आणि ते पोरगं हसलं.

कुठल्या बाजूला घासला

पिस्टन बाहेर आला, तसाच काळा, तेलकट. मिस्त्रींनी तो वर्तमानपत्रावर उभा केला आणि मोबाइलचा टॉर्च लावून फिरवत फिरवत बघू लागले. या तपासाला ठरलेली रीत आहे.

पिस्टनवर चार ठिकाणी, सारख्या अंतरावर उभे ओरखडे असतील तर गाडी थंड असताना पिळली. पिस्टन लवकर तापून फुगला, सिलिंडर अजून थंडच होता. आत येणाऱ्या मिश्रणाच्या बाजूला ओरखडे असतील तर एअर फिल्टर फाटला असावा, नाहीतर ऑइल कमी पडलं. माथ्यावर, कडेकडेने, सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे असतील तर मिश्रण ठिणगीच्या आगीने न जळता आपसूक फुटत होतं. आणि फक्त एक्झॉस्टच्या बाजूला ॲल्युमिनियम लिंपल्यासारखं ओढलं गेलं असेल तर मिश्रण पातळ. हवा जास्त, पेट्रोल कमी.

टू-स्ट्रोकमध्ये पातळ मिश्रण दुहेरी मारतं. फोर-स्ट्रोकचं ऑइल खाली वेगळं असतं; इथे ते पेट्रोलबरोबरच येतं. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेलं असेल तर पेट्रोल कमी आलं की ऑइलही कमी आलं. शिवाय आत येणारं पेट्रोल उडून जाताना पिस्टनची उष्णता घेऊन जातं, तेही घटलं. सगळ्यात गरम होणारी जागा एक्झॉस्टच्या खिडकीसमोरची, आणि पिस्टन पहिला तिथेच चिकटतो.

या पोराचा पिस्टन तिथेच चिकटला होता. वरची रिंग खाचेत दबून बसलेली. "जेट बारीक पडला," पोरगं म्हणालं. मिस्त्रींनी कार्ब्युरेटर उघडून जेट काढला, डोळ्यापुढे धरून नंबर वाचला. जेट बारीक नव्हता. नवा सायलेन्सर बसवल्यावर कुणीतरी तो शहाणपणाने वाढवलेलाच होता.

मग मिस्त्रींनी विचारलं, या गाडीत आधी पिस्टन कधी पडला? पोराने जरा घुटमळत सांगितलं: दीड वर्षात दोनदा. दोन्ही वेळा दुसरीकडे. दोन्ही वेळा ब्लॉक बोअर करून मोठा पिस्टन घातला, संध्याकाळी गाडी हातात.

माझ्या मते टू-स्ट्रोकच्या दुरुस्तीतली खरी खोट इथे आहे. पिस्टन बदलणं सोपं आहे आणि त्याचे पैसे मिळतात. तो का चिकटला हे शोधण्याचे पैसे कुणी देत नाही. गिऱ्हाइकाला आवाज हवा असतो, तो संध्याकाळी मिळाला की झालं. मग तोच रोग नव्या पिस्टनला लागतो आणि दोष 'डुप्लिकेट माला'वर जातो. डुप्लिकेट माल आहेच, वारेमाप आहे. म्हणून तर हा बहाणा खपतो.

बीपीच्या पंपाने

टू-स्ट्रोकचं खालचं पोट, म्हणजे क्रँक जिथे फिरतो ती केस, हाही एक पंपच असतो. पिस्टन वर गेला की तिथे मिश्रण ओढलं जातं, खाली आला की ते दाबून वर ढकललं जातं. म्हणून ही केस हवाबंद लागते. क्रँकची दोन्ही टोकं बाहेर येतात तिथे रबरी ऑइल सील असतात. उजवीकडचं, क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअरचं ऑइल आत ओढलं जातं. गाडी पांढरा धूर ओकते, प्लग भिजतो, मालक लगेच धावत येतो. डावीकडचं, मॅग्नेटच्या बाजूचं गेलं तर नुसती हवा आत येते. ना धूर, ना वास. उलट मिश्रण पातळ झालं की गाडी काही काळ जास्तच चपळ वाटते. मालक खूश असतो. आणि एक दिवस मूर्तिजापूर रोडला चाक अडकतं.

मिस्त्रींनी घासलेला ब्लॉक आणि हेड तेवढ्यापुरतं परत बसवलं. एक्झॉस्ट आणि कार्ब्युरेटरची तोंडं रबर आणि पत्र्याने बंद केली. मग खणातून काढला डॉक्टरांचा रक्तदाब मोजायचा जुना पंप, त्याच्या घड्याळासकट. त्याची नळी प्लगच्या भोकात अडकवली आणि फुगा दाबायला सुरुवात केली. काटा २५० वर नेऊन सोडला. यात गंमत काहीच नाही. हे घड्याळ ३०० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत दाब दाखवतं, तो जेमतेम ०.४ बार होतो, आणि सील तपासायला तेवढाच दाब लागतो. टायरची हवा भरली तर चांगलं सीलही उलटं होऊन बाहेर येईल.

काटा थांबला नाही. सावकाश, पण सरळ खाली. मॅग्नेटचं चाक आधीच काढलेलं होतं. हाताखालच्या पोराने साबणाचं पाणी सीलभोवती सोडलं, आणि क्रँकच्या दांड्याच्या कडेने बारीक बुडबुड्यांची एक रांग उठली.

"हे पाय," मिस्त्री म्हणाले. मालक वाकला, बघत राहिला. दोन पिस्टन, दोन बोअरिंग आणि एक थोडक्यात टळलेला अपघात, सगळ्याचं मूळ मुठीत मावेल अशा रबरी चकतीत होतं. ती काढल्यावर तिची ओठासारखी कड कडक झालेली दिसली. बसवताना कुणी तिला ग्रीसही लावलं नसावं, असं मिस्त्रींचं मत.

थावाचा हिशेब

पूर्ण इंजिन उघडलं तेव्हा क्रँकच्या कनेक्टिंग रॉडलाही वर-खाली चाल आढळली. म्हणजे बोअरिंग आणि क्रँक, दोन्ही अमरावतीला न्यायचं. अकोल्यात बोअरिंगवाले नाहीत असं नाही. पण मिस्त्रींचा जीव अमरावतीतल्या एकाच माणसावर. ब्लॉक कापडी पिशवीत, क्रँक जुन्या टॉवेलात, असं आम्ही एसटीने निघालो, मी आणि पोरगं.

हा राष्ट्रीय महामार्ग ५३. जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला टप्प्यात ७५ किलोमीटरचा डांबरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता गुळगुळीत झाला आणि टू-स्ट्रोकवाल्यांना रात्रीची धावपट्टी मिळाली. पोराला मी तोंडावर सांगितलं की ट्रकांच्या मधून शर्यत लावणाऱ्याचं मला काडीचं कौतुक नाही. तो खिडकीबाहेर बघत राहिला. बडनेरा येईपर्यंत आमचं बोलणं बेताचंच झालं.

बोअरिंगवाले चाचा साठीच्या पुढचे. पिशवी उघडायच्या आत त्यांनी हात पुढे केला: "पयले पिस्टन." नवा पिस्टन आधीच्याहून अर्धा मिलिमीटर मोठा होता. डब्यावर माप छापलेलं होतं, त्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मायक्रोमीटरने पिस्टन खालच्या बाजूला, पिनच्या काटकोनात मोजला आणि आकडा खडूने ब्लॉकवर लिहिला. बोअर पिस्टनला धरून करायचा, डब्याला धरून नाही. एकाच पेटीतले दोन पिस्टन एका मापाचे निघत नाहीत, हा त्यांचा अनुभव.

जुन्या स्लीव्हला, म्हणजे ब्लॉकमधल्या बिडाच्या नळीला, चिकटलेलं ॲल्युमिनियम त्यांनी आधी संडास धुवायच्या ॲसिडने काढलं. ॲसिड ॲल्युमिनियम फसफसवत खातं, तेवढ्या वेळात बिडाला फारसं काही होत नाही. मग ब्लॉक मशीनवर चढला. पात्याने आतून बारीक बारीक काप घेतले, शेवटचे दोन-तीन शतांश हॉनिंगसाठी राखले, आणि मशीन बंद.

"बाकी उद्या फजरला. दुपारी माप घेत नाई मी."

हे मला आधी लहरीपणाचं वाटलं. हिशेब केला तेव्हा पटलं. ५८ मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पिस्टन शंभर अंशांनी तापला की ०.१२ मिलिमीटरच्या आसपास फुगतो. बिडाची स्लीव्ह त्याच्या जवळपास निम्म्याने. दोघांच्या मध्ये ठेवायची जागा दोन थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.०५ मिलिमीटर. माणसाच्या केसाहून कमी. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी बेचाळीस अंशांत घेतलेलं माप आणि पहाटेचं माप यांत या जागेचा पाचवा हिस्सा इकडेतिकडे होतो. शिवाय नुकताच कापलेला ब्लॉक मशीनमुळेच गरम असतो. त्यामुळे ब्लॉक, पिस्टन आणि मायक्रोमीटर तिघेही रात्रभर एकाच फळीवर झोपले. पोरगं बडनेऱ्याला मावशीकडे गेलं.

सकाळी हॉनिंगचे दगड वर-खाली फिरले आणि भिंतीवर तिरप्या रेघांची जाळी उमटली. ती मुद्दाम ठेवतात, ऑइल त्यात टिकतं. त्यानंतर चाचांनी जे केलं ते बरेच जण करत नाहीत: बारीक गोल कानस घेऊन प्रत्येक खिडकीची कड मारली. रिंग वर-खाली जाताना खिडकीत किंचित फुगते. कड धारदार राहिली तर अडकते आणि तुटते. एकेका खिडकीला त्यांनी चांगला वेळ दिला, मध्येमध्ये करंगळी आत घालून कड चाचपत.

क्रँकचं काम आणखी नाजूक. दोन जाड चकत्या, मधोमध ठोकून बसवलेली पिन. प्रेसखाली पिन काढून नवा रॉड घातला की दोन्ही चकत्या पुन्हा एका रेषेत याव्या लागतात. क्रँक दोन टोकांवर टांगला, दोन्हीकडे डायल लावले, हळू फिरवला. काटा हलला तिथे खडूची खूण, आणि त्या खुणेवर तांब्याच्या हातोड्याचा घाव. चांगला सणसणीत. पुन्हा फिरवायचा, पुन्हा खूण. काटा दोन-तीन शतांशांच्या आत येईपर्यंत हेच. शतांशात मोजायचं आणि हातोड्याने सुधारायचं, हे बघून पोराच्या चेहऱ्यावर भीती होती.

सायलेन्सरमधली लाट

परत येताना तो बोलता झाला. सायलेन्सरबद्दल. त्याच्या गाडीला मधोमध फुगलेला, दोन्ही टोकांना निमुळता पाइप आहे, शर्यतीचा. लोकांना वाटतं तो आवाजासाठी. खरं तर टू-स्ट्रोकची निम्मी ताकद तिथे असते.

एक्झॉस्ट उघडला की दाबाची एक लाट पाइपात सुटते. पाइप रुंद होत जातो तिथून उलटी ओढ परत येते आणि सिलिंडर उपसून घेते, इतकी की ताजं मिश्रणही पाइपात उतरतं. पुढे पाइप निमुळता होतो, तिथून दाबाची लाट उलटते आणि ते निसटलेलं मिश्रण, खिडकी बंद व्हायच्या आत, परत सिलिंडरमध्ये कोंबते. हे गणित पूर्व जर्मनीत एमझेड कंपनीच्या वॉल्टर काडेनने बसवलं. १९६१ मध्ये त्याच्या १२५ सीसी इंजिनाने २५ अश्वशक्ती दिली, लिटरला दोनशेचा हिशेब. त्याच वर्षी त्याचा शर्यतपटू एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीतून पळून गेला आणि ही विद्या घेऊन सुझुकीला मिळाला. १९६२ चं ५० सीसीचं जगज्जेतेपद सुझुकीचं.

लाटेची वेळ जुळते ती ठरावीक फेऱ्यांतच. त्याखाली गाडी मरगळलेली, त्यात शिरली की अंगात आल्यासारखी. त्या पट्ट्यात इंजिन जास्त हवा गिळतं, म्हणून पाइप बदलला की जेट बदलावा लागतो.

अमेरिकेत ही विद्या हँडलवर चालणाऱ्या चारचाकी शर्यती गाड्यांत (एटीव्ही) गेली: होंडाची टीआरएक्स २५० आर, सुझुकीची एलटी ५००, आणि १९८७ पासून यामाहाची बॅन्शी. बॅन्शीत दोन सिलिंडर, ६४ मिलिमीटर बोअर, ५४ स्ट्रोक, ३४७ सीसी. हे आकडे वऱ्हाडातल्या जुन्या मिस्त्रींना तोंडपाठ निघतील, कारण एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये आणलेल्या राजदूत ३५० चा बोअर-स्ट्रोक हाच. बॅन्शीला पाण्याने थंड करतात, राजदूतला वाऱ्यावर सोडलेलं. पण वाळूच्या टेकड्यांवर चिकटलेला पिस्टन आणि पेट्रोल परवडत नाही म्हणून गोठ्यात पडलेली राजदूत, घराणं एकच. आणि तिथले लोकही एक्झॉस्टची बाजू आधी बघतात.

वीस टक्के

इंजिन बांधून झालं, बीपीचा काटा या वेळी जागचा हलला नाही. तरी मिस्त्रींनी जेट आणखी दोन घरं वाढवला. कारण पंपावरचं पेट्रोल.

आता मिळतं ते ई-२०, वीस टक्के इथेनॉलचं. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. शुद्ध पेट्रोलला एका भागास हवेचे १४.७ भाग लागतात, इथेनॉलला नऊच. आजच्या गाड्यांत सेन्सर असतो, तो पेट्रोल वाढवून घेतो. आरएक्सचा जेट म्हणजे पितळेतलं एक भोक. १९८५ चं भोक २०२५ चं पेट्रोल ओळखत नाही. त्यातून मिश्रण आणखी पातळ होतं. इथेनॉल पाणीही ओढतं, आणि महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या शर्यतीच्या गाडीला ते वाईट. मिस्त्रींचा नियम: गाडी आठवड्याहून जास्त उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही रिकामे. ऑइल लिटरला चाळीस मिली, मोजून. गाडीत मुळातच असलेला ऑइलचा पंप त्यांनी काढून टाकलेला नाही, वर हे मिश्रणही द्यायचं. धूर जास्त येतो, येऊ दे.

दुसरा शत्रू थंडी. इथले लोक उन्हाळ्याला घाबरतात, आणि वाऱ्यावर थंड होणाऱ्या इंजिनाला ४५ अंश वाईटच. पण थंड हवा दाट असते: दहा अंशांच्या जानेवारीतल्या सकाळी त्याच आकारमानात मेपेक्षा बारा टक्के हवा जास्त. जेट मात्र तोच. उन्हाळ्यात नीट पळालेली गाडी थंडीत पातळ चालते, हे पोराला ठाऊक नव्हतं.

पहिल्या दिवशी इंजिन नुसतं सुरू करून तापवलं, पूर्ण थंड होऊ दिलं, पुन्हा तापवलं. मग पातूर रोडला, दुपारच्या रिकाम्या वेळी, थोडं चालवायचं, थांबायचं. पूर्ण थ्रॉटलवर एकच झेप, तिथेच इग्निशन बंद, क्लच दाबून गाडी कडेला. प्लग काढून मिस्त्रींनी भिंगाने आतल्या चिनीमातीचा तळ पाहिला. फिकट तपकिरी, पण कडेला जरा पांढुरका. रस्त्याच्या कडेलाच कार्ब्युरेटर तिरपा करून जेट आणखी एक घर वर. पुन्हा झेप. या वेळी ते काही बोलले नाहीत, म्हणजे ठीक.

गॅरेजवर आल्यावर त्यांनी एअर फिल्टरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरी टेप लावली आणि मार्करने लिहिलं: पिस्टनचं माप, बोअर, जेट, तारीख, 'डावं सील नवीन'. पुढे कुणी उघडेल त्याला अंधारात चाचपडावं लागू नये, एवढ्यासाठी. पोराने विचारलं, शर्यतीला नेऊ का? पाचशे किलोमीटर झाल्यावर विचार, असं उत्तर मिळालं. मग पैशांवर घासाघीस झाली, शोधण्याचे पैसे अर्थातच बिलात नव्हते.

तेवढ्यात तेल्हाऱ्याकडचे एक शेतकरी पाठीवरचा पंप घेऊन आले. दोरी ओढता येईना, जाम झाला म्हणाले. मिस्त्रींनी पंप खोक्यावर घेतला, प्लग काढला, आत टॉर्च मारला.

"किती ऑइल टाकलं होतं जी?"

"टाकलं ना बाप्पा. अंदाजानं."